खुर्च्या मागवण्याआधी: आपल्या खात्याची पाहणी कशी करावी

"मॅडम, तेवढं खुर्च्यांचं बघा."

भोसरीतल्या एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात मी हे वाक्य सलग तीन आठवडे ऐकलं. मी वेल्फेअर ऑफिसर. पाचशे किंवा जास्त कामगार असले की १९४८च्या कारखाने कायद्याप्रमाणे तेव्हा हे पद भरावंच लागायचं. ते भरलं की सगळ्यांची समजूत होते, ह्या बाईचं काम म्हणजे कँटीनची भाजी, गणपतीची वर्गणी आणि खुर्च्या. मी खुर्च्या आणल्या. बावीस. गादीच्या, पाठ टेकता येईल अशा. महिन्याभराने त्याच बायका त्याच नव्या खुर्च्यांत बसून पहिल्याइतक्याच वैतागलेल्या. शेवटी डबा खाताना एक मावशी हळूच म्हणाल्या, "खुर्ची चांगलीच आहे हो. पण साडेतीनला सुटणार की सातला, ते तीन वाजेपर्यंत कळत नाही. पोराला शाळेतून कोणी आणायचं ते मी दुपारी बाराला ठरवते."

म्हणजे प्रश्न ओटीचा, ओव्हरटाइमचा होता. सुपरवायझर तीन वाजता नावांचा कागद फिरवायचा. पण खुर्ची मागितली म्हणून ठेकेदार कुणाला घरी बसवत नाही. ओटीबद्दल तोंड उघडलं तर बसवू शकतो. म्हणून तक्रार खुर्चीची.

त्यानंतर मी बऱ्याच खात्यांच्या पाहण्या केल्या, काही बऱ्या जमल्या, काही साफ फसल्या. मी मानसशास्त्रज्ञ नाही. समाजकार्याची पदवी, सव्वीस वर्षांची नोकरी आणि अडलं की वाचायची सवय, एवढंच भांडवल. पण तुम्ही छोट्या कारखान्यात किंवा कचेरीत दहा-पन्नास माणसांची जबाबदारी घेत असाल, तर ही पाहणी तुम्हालाही जमेल. लागतं काय? एक वही, भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर, आणि चार आठवडे.

आधी एक शब्द समजून घ्या, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. १९७९ साली रॉबर्ट कारासेक ह्या अमेरिकन संशोधकाने अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांच्या पाहण्यांची माहिती घेऊन एक साधी मांडणी केली. कामाचा बोजा किती, हे एका बाजूला. ते काम कसं करायचं, कधी करायचं हे ठरवायला माणसाला वाव किती, हे दुसऱ्या बाजूला. सगळ्यात जास्त थकवा आणि खिन्नता कुठे दिसली? जिथे बोजा जड आणि वाव नगण्य तिथे. बोजा तेवढाच पण वाव भरपूर असेल, तर माणूस दमतो खरा, पण झिजत नाही. ह्या वावाला मी खात्यात 'मुभा' म्हणते. बायकांना तो शब्द लगेच कळतो.

हे फक्त मनापुरतं नाही. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या १०,३०८ कर्मचाऱ्यांचा अभ्यास मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून चालवला. हुद्दा जितका खालचा तितका हृदयविकार जास्त, हे आधीच्या अभ्यासात दिसलंच होतं. १९९७ साली त्यांनी दाखवलं की ह्या फरकाचा मोठा वाटा कामावरच्या मुभेत होता. सगळे पंख्याखाली बसणारे, पेन्शनवाले सरकारी नोकर! त्यामुळे "आमच्याकडे तर एसी आहे" असं कुणी म्हणालं की मी गप्प बसून चहा पिते.

पहिला आठवडा: माणसांकडे जाऊ नका, कागदांकडे जा

माणसं घाबरून काहीतरी गुळमुळीत सांगतात. कागदाला तेवढी भीती नसते. हजेरीचं रजिस्टर घ्या आणि एका वर्षाची गैरहजेरी वारानुसार लिहून काढा. सोमवार आणि पगाराच्या दुसऱ्या दिवसाची गैरहजेरी सगळीकडेच असते, तिच्यावर वेळ घालवू नका. बुधवारी, गुरुवारी कोण येत नाही ते बघा. कुठल्या लाइनवर, कुठल्या पाळीत? नोकरी सोडून गेलेल्यांची यादी काढा आणि ते कितव्या महिन्यात गेले ते पुढे लिहा. पहिल्या पंधरा दिवसांत गेले असतील तर भरतीच्या वेळी काहीतरी खोटं सांगितलं गेलंय. आठव्या-नवव्या महिन्यात जात असतील तर गोष्ट वेगळी आहे.

मग प्रथमोपचार पेटीचं रजिस्टर. हे कुणी बघत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात खरं रजिस्टर हेच. डोकेदुखीच्या गोळ्या किती वाजता जातात? एका खात्यात जवळजवळ सगळ्या गोळ्या दुपारी दोन ते तीनमध्ये जायच्या. पत्रा तापायची वेळ. दुसऱ्या एका खात्यात सकाळी साडेआठलाच जायच्या, तेव्हा तिथला मॅनेजर रोजची मीटिंग घ्यायचा. पुढचं मी सांगायला नको.

कचेरी असेल तर पंचिंगच्या नोंदी आणि कामाचा व्हॉट्सॲप ग्रुप. रात्री नऊनंतर आलेले मेसेज एका महिन्याचे मोजा, आणि त्यांतल्या कितींना दहा मिनिटांच्या आत उत्तर गेलं तेही. उत्तर वेळेत आलं म्हणून साहेब खूश असतात. तुम्ही मात्र उत्तर कुणी दिलं त्यांची नावं वहीत टिपून ठेवा.

दुसरा आठवडा: उभं राहा

खात्यात जाऊन वीस मिनिटं एका जागी उभं राहायचं, बोलायचं नाही. असं तीनदा: पाळी सुरू होताना, जेवणानंतर, आणि दुसऱ्या पाळीच्या शेवटच्या तासाला. हा शेवटचा तास बहुतेक अधिकारी नोकरीत कधीच बघत नाहीत. पहिल्या दोन वेळा लोक तुम्हाला बघून सरळ बसतील, टोपी घालतील. तिसऱ्यांदा विसरतील. लिहायचं ते तेव्हा लिहा.

तपमान लिहा, आवाज लिहा. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप मिळतं, अगदी अचूक नसलं तरी दोन जागांची तुलना करायला पुरतं. उष्णता किरकोळ समजू नका. बेंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत वीज वाचावी म्हणून ट्यूबलाइट काढून एलईडी दिवे लावले. अच्युत अध्वर्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्पादनाचे आकडे तपासले, तेव्हा लक्षात आलं की एलईडी कमी तापतात म्हणून कडक उन्हाच्या दिवसांत शिलाईचं उत्पादन आधीइतकं घसरत नव्हतं. मालकाने वीजबिलासाठी केलं, फायदा मशीनवर बसलेल्या बाईला झाला आणि परत मालकाला. असं क्वचित घडतं, म्हणून सांगितलं.

आवाजाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण माझा खुर्च्यांचा घोटाळा मला तिथेच उलगडला. गॅरी इव्हान्स आणि डाना जॉन्सन ह्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस महिला कारकून. काहींना तीन तास शांत जागेत बसवलं, काहींना उघड्या कचेरीत असतो तसल्या हलक्या गोंगाटात. कानठळ्या बसणारा आवाज नव्हता, फोन, टायपिंग, कुजबुज एवढाच. गोंगाटातल्या बायकांच्या लघवीत ॲड्रेनलिन वाढलेलं निघालं. नंतर न सुटणारी कोडी दिली तेव्हा त्यांनी लवकर हात टेकले. आणि काम करताना त्या बसल्या जागी कमी हलल्या, अंग सैल करणं, खुर्ची-टेबल नीट करून घेणं कमी केलं. म्हणजे चांगल्या खुर्चीचा उपयोगच करून घेतला नाही! माझ्या पॅकिंग खात्यात टेप फाडायच्या बंदुकीचा कर्रकर्र आवाज दिवसभर. मी खुर्ची बदलत होते, आवाज तसाच.

ह्याच प्रयोगातली एक गोष्ट प्रश्न तयार करताना डोक्यात ठेवा. "तुम्हाला ताण वाटतोय का?" ह्या अर्थाचं विचारलं तेव्हा दोन्ही गटांची उत्तरं सारखीच होती. शरीर एक सांगत होतं, तोंड दुसरं.

तिसरा आठवडा: विचारा, पण भावना विचारू नका

माझी पहिली प्रश्नावली साठ प्रश्नांची होती. छापील, वर कंपनीचं बोधचिन्ह, खाली मॅनेजिंग डायरेक्टरांची सही, शेवटी नाव आणि टोकन नंबरची जागा. सगळ्यांनी 'समाधानी'वर खूण केली. आम्ही पेढे वाटले. दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर त्यांतले अकराजण एकाच आठवड्यात सोडून गेले.

आता मी आठच प्रश्न विचारते, आणि ते काल-परवा घडलेल्या गोष्टींबद्दल असतात:

काल पाळीत किती वेळा बाथरूमला गेलात? त्यासाठी कुणाला विचारावं लागलं?
तुमच्या कामाचा वेग काल कुणी ठरवला: तुम्ही, मशीनने, की वरच्यांनी?
उद्या किती वाजता सुटणार हे तुम्हाला आत्ता माहीत आहे का?
गेल्या आठवड्यात दोन साहेबांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या, असं किती वेळा झालं?
शेवटची चूक झाली तेव्हा आधी कुणाला सांगितलीत?
कामात अडलात तर काल मदतीला कोण आलं?
तुमचं काम चांगलं झालं असं शेवटचं कोण म्हणालं, कधी?
ह्या खात्यातली एक गोष्ट उद्या सकाळपासून तुमच्या मनाने करता आली तर कुठली कराल?

पहिल्या प्रश्नावर हसू नका. रिलीव्हर, म्हणजे तेवढ्या वेळापुरती जागा सांभाळणारी दुसरी, नसेल तर लाइनवरची बाई जागा सोडू शकत नाही, म्हणून ती पाणीच पीत नाही, म्हणून दुपारी डोकं दुखतं, म्हणून गोळी. रजिस्टरमधला दोन-तीनचा आकडा निम्मा पत्र्याचा होता आणि निम्मा ह्याचा. शेवटचा प्रश्न मुभेचा. त्याची उत्तरं शब्दशः लिहून घ्या, स्वतःच्या भाषेत सुधारून लिहू नका.

सातवा प्रश्न आहे तो जर्मनीच्या योहानेस झीग्रिस्ट ह्यांच्यामुळे. १९९६ साली त्यांनी मांडलं की माणूस जेवढं ओततो आणि त्याबदल्यात जे मिळतं त्यांचं गणित बिघडलं की तब्येत बिघडते. ह्या 'मिळतं'मध्ये पगार आला, तशी नोकरीची शाश्वती आली आणि मानही आला. पगार वाढवणं तुमच्या हातात नसेल, पण कंत्राटी पोराला 'ए कॅज्युअल' न म्हणता नावाने हाक मारायला कुणाची मंजुरी लागते?

प्रश्न कुणी विचारायचे? सुपरवायझरने नाही, हे पक्कं. एचआरच्या माणसानेही केबिनमध्ये बोलावून नाही. मी डब्याच्या वेळी, दोघीतिघींमध्ये बसून, आधी इकडचं तिकडचं बोलून विचारते. परप्रांतातली मुलं असतील तर हिंदीत विचारा. तुमचं हिंदी मोडकं असेल तर उलट बरं, ती तुम्हाला सुधारतात आणि मोकळी होतात. नावं लिहू नका. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा काढूनही दाखवू नका, कारण पाचजणांच्या लाइनवर कोण काय बोललं हे लाइन लीडरला दोन मिनिटांत कळतं.

विचारताना कुणी छेडछाडीबद्दल बोललं तर तुमची पाहणी तिथे थांबली. २०१३च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच. त्या बाईला तिथवर सोबत करा, वहीत काही लिहू नका. आणि कुणी जगण्याचाच कंटाळा आलाय असं बोललं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर त्याला द्या, किंवा त्याच्याजवळ बसून तुम्हीच लावा. मराठीत बोलता येतं. आपण वेल्फेअरवाले आहोत, डॉक्टर नाही.

वाचताना होणारी एक मोठी चूक

तक्रारी आणि चुका जास्त ज्या लाइनवर, ती लाइन वाईट, असं वरचे लगेच ठरवतात. एमी एडमंडसन ह्यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुका मोजल्या. चांगल्या चाललेल्या पथकांत चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती. निघाल्या जास्त. तिथे चूक झाली तर परिचारिका ती सांगायच्या, दुसरीकडे लपवायच्या. म्हणून पाचव्या प्रश्नाचं उत्तर आणि रिजेक्शनचा, म्हणजे नापास झालेल्या मालाचा आकडा शेजारी ठेवून वाचा. चूक 'कुणालाच नाही' सांगितली आणि रिजेक्शन शून्य, असं दिसलं तर माल उघडून बघा.

चौथा आठवडा: एकच गोष्ट बदला, आणि ती त्यांनी निवडलेली असू द्या

इथे साहेब लोकांना स्फूर्ती येते. योगाचं सत्र, 'फन फ्रायडे', भिंतीला रंग. एका ठिकाणी खात्यात स्पीकर लावले, दिवसभर गाणी. आठवड्यात कामगार वेडे झाले, कारण पेन ड्राइव्ह सिक्युरिटी ऑफिसरचा आणि बटण त्याच्याच केबिनमध्ये. मी एवढंच केलं: बटण खात्यात आणलं. त्यानंतर गाणी दिवसातून तासभर लागायची, बाकी वेळ बंद. सगळे खूश.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर ह्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हे फार आधी प्रयोगात दाखवलं होतं, १९७२ साली त्यांचं पुस्तक आलं. लोकांना अवेळी, मोठ्याने येणारा आवाज ऐकवला. काहींना एक बटण दिलं: फारच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल. बहुतेकांनी ते दाबलं नाही. तरी नंतरच्या कामात बटणवाले कमी चुकले आणि जास्त वेळ टिकले. आवाज दोघांना तेवढाच होता!

ओटीच्या कागदाचं आम्ही तेच केलं. ओटी बंद करणं माझ्या हातात नव्हतं, आणि बऱ्याचजणींना ते पैसे हवेही होते. मागणी अशी निघाली: नावांचा कागद सकाळी अकराला लागावा, आणि कुणाला जमणार नसेल तर तिने साडेबारापर्यंत दुसरीशी अदलाबदल करून सुपरवायझरला कळवावं, कारण सांगायची सक्ती नाही. सुपरवायझरदादा आधी उखडले. "मॅडम, डिस्पॅचची गाडी मला दोनला कळते, मी अकराला कुठून नावं देऊ?" त्यांचंही बरोबर होतं. त्यांना तर कुठलीच मुभा नव्हती, हे मी विसरलेच होते. मग माल बाहेर पाठवणाऱ्या डिस्पॅचवाल्यांना गाठलं. गाड्यांचा अंदाज त्यांना आदल्या संध्याकाळीच असायचा, फक्त खाली सांगायची पद्धत नव्हती. तुम्हीही सुपरवायझरला पाहणीच्या बाहेर ठेवू नका. आठ प्रश्न त्यालाही विचारा, आधी विचारा.

निवड त्यांची असावी म्हणते त्याला एक जुना दाखला आहे, आणि तो आपल्या शेजारचाच. १९५३ साली कामाच्या ठिकाणच्या माणसांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतकं वाढत नव्हतं. बघितलं तर काम बारीक बारीक तुकड्यांत वाटलेलं, प्रत्येकजण आपल्या तुकड्यापुरता, कोण कुणाबरोबर काम करतंय हेच ठरलेलं नाही. राइस ह्यांनी सुचवलं की काही माग एका छोट्या गटाकडे सोपवावेत, आतली वाटणी गटाने बघावी. कामगारांनी आणि सुपरवायझरांनी ती कल्पना लगेच उचलली आणि गट आपले आपणच पाडले. उत्पादन वाढलं, कापडाची खराबी कमी झाली. १९७०च्या सुमारास त्याच संस्थेचे एरिक मिलर परत बघायला गेले, तेव्हा एका शेडमध्ये ती पद्धत टिकलेली होती, दुसरीकडे हळूहळू जुन्या वळणावर गेलेली. माझंही असंच होतं. मी बदली होऊन गेले की कागद परत तीनला फिरायला लागतो. त्यावर माझ्याकडे अजून उपाय नाही.

फरक पडला का ते बघताना

बदलानंतर निदान दोन महिने थांबा आणि तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. मे महिन्यात लग्नं असतात, जूनमध्ये पेरणीला पोरं गावी जातात, गणपतीत कोकणवाले दिसत नाहीत. आमचा ओटीचा कागद ऑक्टोबरात अकराला लागू लागला आणि नोव्हेंबरात गैरहजेरी घटली. मी उड्या मारणार होते. मग मागच्या वर्षीचं रजिस्टर उघडलं, तर दिवाळीनंतर तेव्हाही घटलेली होती. थोडी कमी घटली होती, पण होती.

हे सगळ्यांचंच होतं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून उजेडाचे प्रयोग झाले. दिवा वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, म्हणून लक्ष दिलं की माणूस खुलतो, असं आम्हाला वर्गात शिकवलं. २०११ साली स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट ह्यांनी जुने आकडे शोधून पुन्हा तपासले तर तसा स्वच्छ नमुना त्यांत नव्हताच. दिवे रविवारी बदलायचे, आणि सोमवारी उत्पादन तसंही वेगळं असायचं. त्याच कारखान्यातल्या रिले जोडणीच्या प्रसिद्ध खोलीतल्या पाचांपैकी दोन मुलींना फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून मध्येच बदललं होतं. हे मात्र वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

तरी नुसतं विचारण्यालाही किंमत असते. भारतातल्याच एका तयार कपड्यांच्या कंपनीत पगारवाढ अपेक्षेपेक्षा कमी झाली, तेव्हा काही कामगारांना चिठ्ठीने निवडून त्यांचं मत विचारलं गेलं. पगार कुणाचाच बदलला नाही. ज्यांना विचारलं त्यांचं नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी राहिलं. ही गोष्ट मी मॅनेजमेंटला सांगताना जरा भीत भीतच सांगते, नाहीतर ते म्हणतील, मग विचारूच फक्त.

त्यासाठी शेवटचं काम टाळू नका. प्रश्न विचारून झाल्यावर आठ दिवसांच्या आत एक कागद लावा, तीन रकान्यांचा: केलं, करतोय, जमणार नाही. तिसऱ्या रकान्यात कारण लिहा, तो रिकामा असेल तर लोक बाकीचे दोन वाचत नाहीत. मराठीत आणि हिंदीत लावा, आणि पाळी बदलताना एकदा मोठ्याने वाचून दाखवा. कागद नोटीस बोर्डाच्या काचेआड लावू नका, पाण्याच्या कूलरशेजारी चिकटवा. काचेची किल्ली सिक्युरिटीकडे असते, आणि दुसरा कागद लावायच्या वेळी ती कधीच सापडत नाही.